मागच्या दारावरचं चाक : योग्यता आणि तिची किंमत

मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातल्या कारणविचारापाशी थांबलो होतो. तेव्हा आम्ही म्हटलं होतं की पुढच्या वेळी रोजच्या पाहण्यातली एखादी वस्तू घेऊन हा विचार तपासून बघू. ती वस्तू म्हणून आम्ही निवडलं आहे जीपच्या जातीच्या गाडीच्या मागच्या दारावर टांगलेलं जादा चाक. म्हणजे आपली स्टेपनी. संध्याकाळी धरमपेठेतून फुटाळ्याकडे जा. थार, बोलेरो, जिमनी, एखादी जुनी जिप्सी, प्रत्येकीच्या पाठीवर ते दिसेल. इतकं दिसतं की आपण त्याच्याकडे बघतच नाही. ते तिथे का आहे आणि तिथे असण्याची किंमत कोण देतं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी शब्द. स्टेपनी हा शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या आजच्या माणसाला सांगून बघा, त्याला कळणार नाही. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास त्या गावच्या डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. तेव्हा मोटारी जादा चाकाशिवायच विकल्या जात. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत, टायर सारखे पंक्चर होत, आणि चाक गाडीलाच लावलेलं ठेवून तिथल्या तिथे टायर-ट्यूब काढून ठिगळ लावावं लागे. डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली एक धाव बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला. पंक्चर झालं की ती जखमी चाकाला बाहेरून पकडींनी आवळायची आणि निघायचं. ती 'स्टेपनी स्पेअर व्हील'. मूळ वस्तू केव्हाच गेली, तिच्या देशातून शब्दही गेला. पण भारतात, बांगलादेशात, माल्टात तो राहिला, आणि ब्राझीलमध्ये 'एस्तेपे' होऊन बसला. आपल्या बोलीत या शब्दाला एक हिणकस अर्थही चिकटला आहे. तो सगळ्यांना ठाऊक आहे, आम्ही उच्चारणार नाही. पण त्यातून एक कळतं. जे फक्त अडचणीच्या वेळी आठवायचं, ज्याला स्वतःचा मान नाही, त्याला आपण स्टेपनी म्हणतो.

आता हे चाक दारावर कसं आलं? इथे इतिहास फार बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. तिच्या पाठीवर एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला इंधनाचा डबा. पण त्या जीपला मागे दार नव्हतंच! सलग पत्रा होता. सैनिक बाजूने चढत आणि उतरत, मागून काही काढायघालायची गरज नव्हती. त्यामुळे चाकाचं आणि कुणाचं भांडण नव्हतं. १९४५ मध्ये युद्ध संपत आलं आणि विलीज कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांसाठी काढली, सीजे-२ए. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची, अवजारं ठेवायची. तेव्हा मागे उघडणारं फळकं दिलं. आणि फळकं दिल्याबरोबर चाक तिथून उठलं आणि गाडीच्या कुशीला जाऊन बसलं. बघा, किती सरळ तर्क आहे. उघडणारी जागा आणि टांगायची जागा एकच असू शकत नाही, असं त्या इंजिनियरांना वाटलं. आपल्याकडे महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीप जोडायला घेतल्या, त्या याच नागरी वंशाच्या. ब्रिटिशांनी १९४८ मध्ये लँड रोव्हर काढली, तिचं चाक सीटांमागे हौद्यात किंवा थेट बोनेटवर. म्हणजे प्रत्येकाने दाराला वाचवलं.

मग पुढे दारानेच ते ओझं का घेतलं? कारण बाकीच्या जागा एकेक करून बाद झाल्या. कुशीला ठेवलं तर गाडी रुंद होते, झुडपात अडकते आणि बाजूच्या दाराला जागा राहत नाही. बोनेटवर ठेवलं तर समोरचं दिसत नाही आणि इंजिन बघायचं तर आधी चाकासकट झाकण उचला. आत ठेवलं तर आखूड गाडीतली निम्मी जागा गेली, शिवाय चिखलाचं चाक सामानात. राहिल्या दोन जागा, गाडीच्या पोटाखाली नाहीतर मागच्या दारावर. आजच्या बऱ्याच मोठ्या गाड्या या दोहोंत वाटल्या गेल्या आहेत. इनोव्हा आणि फॉर्च्युनर चाक पोटाखाली नेतात, थार आणि बोलेरो दारावर.

पोटाखालच्या जागेबद्दल आपण विदर्भातल्या माणसांनी जरा थांबून बोललं पाहिजे. डांबरी रस्त्यावर ती उत्तम जागा आहे. चाक दिसत नाही, वजन खाली राहतं, दार हलकं राहतं. आता जुलै महिना धरा. गाडी चिमूरकडच्या एखाद्या पांदणीत आहे, काळी माती, पाऊस दोन दिवसांचा. बाभळीचा काटा मागच्या टायरात गेला. टायर बसला म्हणजे गाडीची मागची बाजू आधीच खाली आली. चाक काढायचं तर साखळीची गरारी फिरवून ते खाली सोडायचं आणि मग पोटाखालून ओढून घ्यायचं. ओढणार कुठून? खाली जागा नाही, आहे तो चिखल. गरारीला उन्हाळाभर धूळ आणि पावसाळाभर पाणी मिळालेलं, ती गंजून बसलेली. वर्षानुवर्षं कुणी फिरवलेली नाही. म्हणजे चाक गाडीत आहे आणि तरी नाही.

शिवाय एक भूमितीचा मुद्दा आहे. खड्ड्यातून किंवा नाल्यातून वर चढताना गाडीचं शेपूट जमिनीला घासतं. मागच्या टायरापासून शेपटाच्या तळाला लावलेली रेघ जमिनीशी जो कोन करते, तेवढ्या चढापर्यंत शेपूट सुटं राहतं. २०२० च्या थारला हा कोन सुमारे ३६.८ अंश दिलेला आहे. पोटाखाली चाक लोंबकळलं की हा कोन कमी होतो. रानात जाणाऱ्या गाडीने तो का सोडावा? म्हणून चाक वर उचलून दारावर टांगलं. ताडोबाच्या, पेंचच्या वाटेवरच्या जिप्सी बघा. १९८५ पासून ही गाडी आपल्याकडे आहे आणि तिचं चाक मागे, हाताशी. नट काढले की चाक हातात. उभ्या उभ्या काम होतं, कुणाला आडवं व्हावं लागत नाही.

आता किंमत. ती देतं दार.

थोडा हिशेब करू, कंटाळू नका. रिमसकट चाकाचं वजन हिशेबापुरतं २५ किलो धरा. दार एका बाजूला बिजागरीवर उघडतं आणि चाकाचा मध्य बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर आहे असं धरा. दोन बिजागऱ्यांमधलं उभं अंतर ४० सेंटिमीटर. दार उघडं असताना हे चाक वरच्या बिजागरीला बाहेर खेचतं आणि खालचीला आत दाबतं, प्रत्येकी सुमारे ३१ किलोच्या जोराने. दाराचं स्वतःचं वजन वेगळं. दार बंद असलं की दुसऱ्या बाजूची कडी थोडा भार घेते. पण गाडी खड्ड्यात आपटली तर क्षणभर हाच भार दुप्पट-तिप्पट होतो. ३१ चे ९० होतात. दिवसातून किती वेळा? आपल्या रस्त्यांचं तुम्हाला आम्ही काय सांगणार. म्हणून जुन्या गाड्यांचं मागचं दार खाली बसतं, कडी नीट लागत नाही, जोरात आपटावं लागतं, आणि मग रात्रंदिवस खडखड. लोक खडखड ऐकून शॉक अब्सॉर्बर बदलतात, आवाज मात्र दाराचा असतो. आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक सांगतात, "सर, गाडी उभी करून चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवा. दार हललं तर रोग तिथेच आहे." ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि फुकट आहे.

चांगल्या रचनेत यावर उपाय केलेले असतात. चाकाचा टेकू दाराच्या पातळ पत्र्याला न देता आतल्या जाड पट्टीला दिलेला असतो, आणि बंद दार दाबून धरायला रबराचे ठोकळे असतात. पण मालकाला कंपनीच्या टायरापेक्षा मोठा, थोराड टायर हवा असतो. चार टायर मोठे केले की पाचवाही मोठा होतो आणि २५ किलोचे ३५ होतात. दाराला कुणी विचारत नाही. फार वजन असेल तर चाक दारावरून काढून मागच्या बंपरला आणि चेसिसला पकडलेल्या वेगळ्या हातावर टांगावं. मग आधी हात बाजूला करायचा, नंतर दार उघडायचं, म्हणजे रोज दोनदा कष्ट. इथेही किंमत आहेच, ती फक्त दाराकडून आपल्या वेळेकडे गेली.

गाडीच्या तोलावर काय परिणाम होतो, असंही विचारलं जातं. थारच्या दोन आसांमधलं अंतर २.४५ मीटर आहे. मागच्या आसाच्या १ मीटर मागे २५ किलो टांगले तर पुढची चाकं सुमारे १० किलोंनी हलकी होतात आणि मागच्यांवर ३५ किलो येतात. दीड टनाहून जड गाडीत हे नगण्य आहे. पुढे जाऊ.

बिजागरी कोणत्या बाजूला, हा प्रश्न मात्र नगण्य नाही. चाकासकट दार वर उचलणं अवघड, म्हणून असं दार बाजूला उघडतं. आपण डावीकडून गाडी चालवतो, गाडी डाव्या कडेला उभी करतो. बिजागरी उजवीकडे असेल तर आपण कडेच्या बाजूने सामान काढू शकतो. जपानही डावीकडून चालतं, म्हणून जिमनीची बिजागरी उजवीकडे आहे आणि ती आपल्याला सोयीची पडते. टोयोटाची राव-४ अमेरिकेत गेली तेव्हा तिचंही दार तसंच राहिलं. तिथे गाड्या उजव्या कडेला उभ्या राहतात, त्यामुळे उघडलेलं दार नेमकं फुटपाथवरच्या माणसाच्या आड येई. वर्षानुवर्षं लोकांनी तक्रार केली. एका देशाचा वाहतुकीचा नियम दुसऱ्या देशात दार होऊन आडवा येतो, ही आम्हाला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

आणखी एक किंमत आहे, ती गंभीर आहे. हे चाक बंपरच्या बाहेर डोकावतं. रिव्हर्स घेताना भिंतीला आधी चाक लागतं, आणि चाकाला लागलेला धक्का बंपरकडे न जाता दारात शिरतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या धडक-चाचण्या घेतल्या. त्यांत मागच्या दारावर चाक असलेल्या गाड्यांचं दार आणि काच यांचं नुकसान चालण्याच्या वेगातसुद्धा बरंच झालेलं दिसलं. आणि मागच्या काचेतून दिसतं किती? चाकाने खालचा भाग झाकलेला असतो. घराच्या फाटकातून गाडी मागे घेताना मागे लहान मूल असेल तर ते नेमकं त्या झाकलेल्या भागात येतं. कॅमेरा असो वा नसो, कुणीतरी उतरून बघावं. इथे आम्ही तत्त्वज्ञान सांगत नाही, विनंती करतो आहोत.

आता तत्त्वज्ञानाकडे. नैयायिकांनी कारणाचे दोन अर्थ वेगळे केले. घडा घडवायला कुंभार दांड्याने चाक फिरवतो, तो दांडा घड्याचं कारण. पण रानात पडलेला, अजून कुणी उचललेला नाही असा दांडा? त्यालाही कारण म्हणायचं की नाही? ते म्हणाले, तोही कारण आहे, पण स्वरूपयोग्य कारण. त्याच्या ठायी योग्यता आहे, फळ नाही. कुंभाराच्या हातातला दांडा मात्र फलोपधायक, प्रत्यक्ष फळ देणारा. पहिल्याला त्यांनी फार सुंदर नाव दिलं, अरण्यस्थ दंड. आमच्या मते स्टेपनी म्हणजे शुद्ध अरण्यस्थ दंड. फरक एवढाच की हा दंड आपण अरण्य फिरताना पाठीला बांधून नेतो.

आणि नैयायिकांचा पुढचा मुद्दा इथे खरा कामाचा आहे. कार्य एका कारणाने होत नाही, सामग्रीने होतं. मुख्य कारणाबरोबर सगळी सहकारी कारणं जमली तरच फळ. दांडा आहे पण माती नाही, तर घडा नाही. आता रस्त्यावरची सामग्री मोजा. चाक हवं, त्यात हवा हवी. जॅक हवा आणि तो चिखलात रुतू नये म्हणून खाली ठेवायला लाकडाची फळी हवी. पाना हवा, तो नटांना बसणारा हवा. दारावरच्या चाकाला चोरीच्या भीतीने एक कुलपी नट लावलेला असतो, त्याची किल्ली हवी. आणि नट सोडवण्याइतका जोर असलेला, कसं सोडवायचं हे माहीत असलेला माणूस हवा. या यादीतलं एक जरी नसलं तरी पाठीवर चाक असून गाडी तिथेच. बहुतेक गाड्यांत चाक असतं, सामग्री नसते. मालक म्हणतो, "स्टेपनी आहे ना!" नैयायिक म्हणेल, दांडा आहे.

यातलं हवेचं प्रकरण विशेष बघा. दारावरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त सोसतं. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. ऊन रबराला तडे पाडतं, आणि गाडी उभी असली तरी ऊन पडतंच. चार टायर झिजतात म्हणून बदलले जातात. पाचवा झिजत नाही म्हणून तसाच राहतो आणि आतून म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आजच घरी जाऊन पाचव्या टायरवर ते शोधा. कव्हर काढावं लागेल, आणि बऱ्याच जणांना ते कव्हर निघतं हेच आज कळेल.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे पाचही चाकं फिरवत राहणं. टायर फिरवताना स्टेपनीलाही पाळी द्यायची. त्यामुळे पाचही सारखे झिजतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत याला आणखी एक कारण आहे. अशा बहुतेक गाड्यांत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधले जातात. एक टायर कोरा आणि तीन झिजलेले असतील तर त्यांचे घेर वेगळे पडतात, आणि कोरड्या टणक रस्त्यावर तो फरक सगळा गियरवर येतो. म्हणजे फार जपून ठेवलेलं, कधीच न वापरलेलं चाक वापरायच्या वेळी थोडं परकं ठरतं.

आता कव्हर. बोलेरो आणि थारच्या पाठीवरचं गोल कव्हर ही महाराष्ट्रातली मोठी फिरती पाटी आहे. त्यावर वाघाचं तोंड असतं, 'आई-बाबांचा आशीर्वाद' असतो, आडनाव असतं, एखाद्या नेत्याचा चेहराही असतो. आम्ही नाक मुरडत नाही, पाठीमागून येणाऱ्याला वाचायला काहीतरी मिळतं. पण या गाड्यांपैकी कित्येक डांबर सोडून कधी उतरत नाहीत. तिथे हे चाक रानात जाण्याची योग्यता सांगतं, जाणं नाही. अमेरिकेत १९४० च्या सुमाराच्या लिंकन कॉन्टिनेंटलच्या मागे खरं चाक झाकून टांगलेलं असे. ते इतकं ऐटबाज वाटलं की पुढे गाड्यांच्या डिकीवर नुसता चाकाच्या आकाराचा फुगवटा काढू लागले. दंडही गेला, त्याचं चित्र राहिलं. फोर्डच्या इकोस्पोर्टची गोष्ट उलट झाली. भारतात २०१३ पासून ती पाठीवर चाक घेऊन आली आणि ते तिचं आकर्षण होतं. युरोपातल्या ग्राहकांना मात्र ते नकोसं वाटलं, म्हणून २०१५ मध्ये तिथे ते काढलं. अखेर २०२१ मध्ये आपल्याकडेही बिनचाकाची आवृत्ती आली.

कायदाही त्याच दिशेने गेला आहे. २०२० च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर जादा चाक सक्तीचं नाही. शहरात हे योग्यच आहे. मोबाइलवरून माणूस बोलावता येतो, आणि विजेच्या गाडीत प्रत्येक किलो मोलाचा. पण संचातलं औषध टायरच्या तळव्यातलं खिळ्याएवढं भोक भरतं. दगडाने टायरची बाजू चिरली तर ते काही करू शकत नाही. भामरागडच्या वाटेवर बाजू चिरली तर कुणाला बोलावणार? नियम योग्यतेची व्याख्या शहर डोळ्यासमोर ठेवून करतो, हे आमचं मत आहे. तुम्हाला वेगळं वाटलं तर जरूर सांगा.

मागून एक प्रश्न आला आहे, समृद्धी महामार्गावर टायर गेला तर चाक दारावर असल्याचा फायदा की तोटा? दोन्ही. पोटाखालच्या चाकासाठी वाहत्या रस्त्याच्या कडेला जमिनीवर झोपावं लागतं, ते टळतं. पण दारावरचं चाक काढताना तुम्ही गाडीच्या बरोबर मागे उभे असता, येणाऱ्या ट्रकच्या तोंडासमोर. आणि उघडलेल्या दारामुळे मागचा दिवा झाकला जाऊ शकतो. म्हणून दार बंद ठेवूनच नट सोडवायचे. गाडी जितकी डावीकडे घेता येईल तितकी घ्यायची. लाल त्रिकोण गाडीच्या बऱ्याच मागे नेऊन ठेवायचा. बाकीच्यांना गाडीत न ठेवता कठड्यापलीकडे उभं करायचं. टायर गेलेलं चाक उजवीकडचं, म्हणजे वाहतुकीच्या बाजूचं असेल तर ते बदलायला बसूच नका. मदत क्रमांकाला फोन करा आणि वाट बघा.

आणि त्या कुलपी नटाची किल्ली घरच्या खिळ्यावर टांगून ठेवू नका. ती गाडीत, जॅकच्या पिशवीत ठेवा.